सिट्रस सिला

लिंबूवर्गीय फळझाडांच्या कोवळ्या पालवीतील रस शोषणारी आणि ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा प्रसार करणारी कीड. शास्त्रीय नाव डायफोरिना सिट्राय, गण हेमिप्टेरा. तैवानमधील नमुन्यांवरून कुवायामा यांनी १९०८ मध्ये तिचे वर्णन केले. मोसंबी, संत्रा व कागदी लिंबू ही तिची मुख्य खाद्यझाडे. कढीपत्ता आणि कुंती यांवरही ती वाढते. रोगाचा साठा म्हणून कुंतीचे महत्त्व किती, याबाबत मतभेद आहेत.

ओळख व जीवनक्रम : प्रौढ कीटक ३ ते ४ मिमी. लांब, तपकिरी, ठिपकेदार पंखांचा. बसताना डोके पानाला टेकलेले व मागचा भाग वर उचललेला असतो. या ठेवणीवरून तो चटकन ओळखू येतो. मादी न उमललेल्या पालवीच्या घड्यांत पिवळी, बदामाच्या आकाराची अंडी घालते. पिल्लांच्या ५ अवस्था असतात. त्यांच्या अंगातून पांढरे मेणचट तंतू निघतात आणि चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. जीवनक्रम हवामानानुसार सुमारे १५ ते ४७ दिवसांत पुरा होतो.

रोगप्रसार : पंजाबातील प्रादुर्भावाचा तपशीलवार अभ्यास हुसेन व नाथ यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केला; त्या काळी नुकसान केवळ किडीच्या रसशोषणाचे मानले जाई. ही कीड ग्रीनिंगची वाहक असल्याचे भारतात कपूर, राव व विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. हे काम पुण्यात झाले. पुढे याच तिघांनी दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशातील रोग व सिला यांच्या संबंधावर लिहिले (१९७४). धाराशिव जिल्हा याच प्रदेशात मोडतो. रोगकारक जिवाणू, कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस, झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतो. मोठी पिल्ले रसाबरोबर तो घेतात व प्रौढ झाल्यावर आयुष्यभर पसरवतात. रोगट डोळकाडीवरून बांधलेल्या कलमांतूनही तो नव्या बागेत जातो.

लक्षणे : पानांवर पिवळे-हिरवे डाग, शेंडेमर, वेडीवाकडी व कडवट फळे, काळ्या पोचट बिया. चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमीची असल्याने रोग खताची उणीव समजून दुर्लक्षिला जातो. पान उजेडाकडे धरून पाहावे. जस्त कमी असल्यास मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा दिसतो; ग्रीनिंगमध्ये एका बाजूचे डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत. खात्री मात्र प्रयोगशाळेतील पीसीआर चाचणीनेच होते.

धाराशिव जिल्हा : मराठवाड्याचा मोसंबी पट्टा मुख्यतः जालना व छत्रपती संभाजीनगरकडे, येथे त्या मानाने बागा कमी. पाण्याचा ताण तोडून बहार धरला की सगळी झाडे एकदम नवती (नवी कोवळी पालवी) फेकतात, आणि सिलाची संख्या त्याच आठवड्यांत फुगते. कागदी लिंबाची रोपे बहुधा बियांपासून करतात (परभणी कृषी विद्यापीठाचे विक्रम व प्रमालिनी हे वाण प्रसिद्ध आहेत). बियांतून रोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून अशी बाग सहसा निरोगी सुरू होते आणि तिला रोग लागतो तो सिलामुळेच.

नियंत्रण : रोग लागलेल्या झाडावर खात्रीचा उपाय नाही. त्यामुळे प्रमाणित रोपवाटिकेतील कलमे, रोगट झाडे उपटणे आणि प्रत्येक नवतीच्या सुरुवातीला कोवळे शेंडे तपासणे यांवरच सारी भिस्त आहे. फवारणी नवतीच्या सुरुवातीला करावी. फुलोऱ्यात मधमाश्यांसाठी टाळावी. टॅमॅरिक्सिया रेडिएटा ही परोपजीवी गांधीलमाशी पिल्लांवर अंडी घालते. भारतातून नेलेल्या याच जातीने रियुनियन बेटावर सिलाला चांगला आळा घातला. वर्षभर सरसकट फवारे मारणारा बागायतदार मित्रकिडी गमावतो.

आर्थिक महत्त्व : फ्लोरिडात २००५ मध्ये रोग आढळल्यानंतर संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले.