वाड्यातील भुताची भाषा

गाजलेला भुताच्या वाड्याचा चित्रपट पुन्हा काढला तर तो साधतो काय, हा प्रश्न राजुऱ्याच्या श्रोत्यांपुढे आम्ही मुद्दाम ठेवीत आहो. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. शेजारची तेलुगू येथल्या मराठी घराला नवी नाही.

१९९३ च्या ‘मणिचित्रताळु’ या मल्याळी चित्रपटात गंगा ही सून सासरच्या जुन्या वाड्यात स्वतःस तंजावरची नर्तकी नागवल्ली समजते आणि तमिळ बोलू लागते. तेथे खरे भूत नाहीच. आजारी मन आहे. पण घरच्या माणसाच्या तोंडून परकी भाषा येताच अंगावर काटा उभा राहतो. कन्नड ‘आप्तमित्र’ (२००४) व तमिळ ‘चंद्रमुखी’ (२००५) यांनी तिच्या तोंडी तेलुगू घातली, हिंदी ‘भूलभुलैया’ने (२००७) बंगाली. तिन्ही चालले, वाडा उचलला म्हणून नव्हे, परकेपण नव्याने शोधले म्हणून. (राजुऱ्यात मात्र तेलुगूने कोणी दचकणार नाही!) उलट हॉलिवुडने १९६३ चा ‘द हाँटिंग’ १९९९ साली पुन्हा काढला, तेव्हा मुळात न दिसलेले भूत संगणकाने दाखविले, भय तेवढे गेले.

मराठी ‘लपाछपी’चे (२०१७) प्रकरण निराळे. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनीच २०२१ मध्ये त्याचा हिंदीत ‘छोरी’ केला. उसाच्या फडातले घर तसेच राहिले, बोली तेवढी बदलली. तरी भय उणावले नाही. मुली मारणारे घर हिंदी मुलखात नव्याने शोधावे लागले नाही.