दोनच दारांची भलीमोठी लक्झरी कार: आता कोणी बनवावी का?

गाडी पाच मीटर लांब, बॉनेट ऐसपैस, पण दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून आत शिरायचं. हीच 'पर्सनल लक्झरी कूपे'. कुटुंबासाठी नव्हे, चालवणाऱ्याच्या हौसेसाठी.

अमेरिकेत एकेकाळी मध्यमवर्गालाही ही हौस परवडायची. 1976 मध्ये तिथे सर्वाधिक खपलेली गाडी होती ओल्डस्मोबिल कटलस, आणि त्यात 'कटलस सुप्रीम' कूपेचा वाटा मोठा होता. पुढे ग्राहक एसयूव्हीकडे वळला. ब्युइक रिव्हिएरा 1999 मध्ये, तर कॅडिलॅक एल्डोराडो 2002 मध्ये बंद झाली. मर्सिडीजने 2020 च्या नव्या एस-क्लासची कूपे काढलीच नाही. सी आणि ई-क्लास कूपेंच्या जागीही 2023 मध्ये एकच सीएलई आली.

अडचण खर्चाची आहे. सेडानचं इंजिन वापरता येतं, पण दारं, छत, बाजूचे पत्रे वेगळे. म्हणजे साचे वेगळे, चाचण्याही वेगळ्या. गाड्या मोजक्याच खपल्या तर हा पैसा वसूल कसा व्हायचा?

ज्यांना किंमत हवी तेवढी लावता येते, त्यांचं मात्र जमतं. बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी 2003 पासून टिकून आहे. रोल्स-रॉइसने तर आपली पहिली इलेक्ट्रिक गाडी, स्पेक्टर, दोन दारांचीच केली. त्यामुळे बाकीच्यांनी या फंदात न पडलेलंच बरं.

स्पेक्टर 2024 मध्ये भारतात आली. तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती साडेसात कोटी. एकेक दार जवळपास दीड मीटर लांब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते पूर्ण उघडायचं तर शेजारची जागाही विकत घ्यावी लागेल!