दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रिव्हर्स घेणं इतकं अवघड का असतं?

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. पण चुकीच्या रस्त्याला लागून मागे यायची वेळ आली, की मुरलेला ड्रायव्हरही आधी खाली उतरून अंदाज घेतो. असं का?

ओढणं आणि ढकलणं

पुढे जाताना ट्रॉली ओढली जाते आणि ओढलेल्या साखळीसारखी आपोआप सरळ होते. रिव्हर्समध्ये ती ढकलली जाते, आणि ढकललेली साखळी वाकते. ट्रॉली जराशी तिरकी झाली, की मागे जाईल तसा तिरकेपणा वाढतच जातो.

दोन चाकांची एकच ट्रॉली डावीकडे न्यायची, तर स्टीअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. तशाच दोन ट्रॉल्या असतील तर हे गणित पुन्हा उलटतं. शेवटची ट्रॉली डावीकडे नेण्यासाठी पहिलीचं मागचं टोक उजवीकडे ढकलावं लागतं, म्हणजे सुरुवात डावीकडून. पुढचा कणा वळणाऱ्या चारचाकी ट्रॉलीत आणखी एक सांधा वाढतो.

तिरकेपणा हाताबाहेर गेला की वाहन चाकूसारखं मिटतं. याला जॅकनाइफ म्हणतात. यात जोडणीची दांडी वाकते, ट्रॉली उलटू शकते.

ऑस्ट्रेलियात काय करतात?

तिथल्या रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. तीन ट्रेलरच्या रोड ट्रेनमध्ये सहसा पाच सांधे असतात. त्यामुळे ती सगळी एकदम मागे घेणं शक्यतो टाळतात. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर अशी जागा निवडतात, नाहीतर ट्रेलर सोडवून एकेक हलवतात.

मग करायचं काय?

- ट्रॉली तिरकी दिसताच थांबा, पुढे जाऊन सरळ करा, मग पुन्हा मागे या.
- लांब मागे जायचं असेल तर सपाट जागी चाकांना उटी लावा आणि मागची ट्रॉली सोडवा.
- "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा माणूस आरशात दिसेल असा बाजूला उभा हवा. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये किंवा थेट मागे कधीच नको. तो दिसेनासा झाला, की ब्रेक दाबायचा.

खरा कसबी ड्रायव्हर एका दमात मागे येण्याचा हट्ट धरत नाही. कुठे थांबायचं, हे त्याला कळतं.