पेटलेला तलाव आणि न फिरणारा फॉस्फरस

१९ जानेवारी २०१८ रोजी बंगळूरचा बेल्लंदूर तलाव पेटला. पाण्यावर वाढून वाळलेल्या तणाची ती आग विझवण्यासाठी सुमारे ५००० जवान उतरले. पाणी पेटते कसे, या प्रश्नाच्या उत्तरासाठी उताराने काही किलोमीटर वर, इंदिरानगरपर्यंत जावे लागते.

बंगळूरला मोठी नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरे. पावसाने वाहून आणलेली पोषकद्रव्ये गाळात बसत. उन्हाळ्यात तो गाळ शेतात जाई, तेथून पिकात, गुरांत आणि शेणखतातून पुन्हा मातीत. परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते. सूर्याकडून येते आणि उष्णता होऊन निघून जाते. फॉस्फरसला अशी सुटका नाही. नायट्रोजन निदान वायू होऊन हवेत परततो. फॉस्फरस मात्र फिरता राहिला नाही, तर साचतो.

१९७४ मध्ये कावेरीचे पाणी शहरात आले, सुमारे १०० किलोमीटरवरून आणि जवळपास ५०० मीटर चढवून. एवढ्या उंचीवर हजार लिटर पाणी चढवायला निर्दोष पंपालाही सुमारे १.४ युनिट वीज लागते. हा हिशेब निदान वीजबिलात दिसतो. वापरलेल्या पाण्याबरोबर काय वाहून जाते, याचे बिल कोणी काढले नाही. त्याच दशकाच्या अखेरीस इंदिरानगर वसले. तेथील आणि आसपासच्या वस्त्यांतील मैला, खरकटे आणि धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट चल्लघट्टा खोऱ्यातून बेल्लंदूरकडे वाहू लागले. धान्यातून शहरात आलेल्या फॉस्फरसला शेताकडे परतण्याची वाट उरली नाही.

त्याचे परिणाम तोवर अज्ञात नव्हते. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातील २२६ क्रमांकाचे सरोवर पडद्याने दुभागले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला. बेल्लंदूरमध्ये हाच प्रयोग पडद्याविना, अनेक दशके चालला. जलपर्णी माजली, कुजली, ऑक्सिजन संपला. गाळातून मिथेन निघू लागला, तर सांडव्यावर साबणी द्रव्यांचा फेस रस्त्यापर्यंत उसळू लागला.

जून २०१८ पासून या खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जाते. दुष्काळी जिल्ह्याला पाणी मिळाले, हे मोठेच काम. परंतु दुय्यम शुद्धीकरणात सेंद्रिय द्रव्य निघते; फॉस्फरस बराचसा पाण्यातच राहतो. बेल्लंदूरचा गाळही आता उपसला जात आहे. पूर्वी असा गाळ थेट शेतात पडत असे. या गाळात मात्र फॉस्फरसच्या जोडीला जड धातू आहेत, त्यामुळे तो शेतात टाकण्यापूर्वी प्रयोगशाळेत न्यावा लागतो.