मुखरोगांवरील उपचार : चाचण्यांची साक्ष

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारी मूळ रसायने तयार करणारे अनेक कारखाने आहेत. औषध गुणकारी आहे की नाही याचा निवाडा मात्र कारखान्यात होत नाही. तो रुग्णांवर केलेल्या शास्त्रशुद्ध चाचणीतून होतो. दात, हिरड्या आणि तोंडाच्या विकारांवरील उपचारांनाही हाच नियम लागू आहे. तंबाखू, मशेरी, गुटखा व सुपारीच्या सवयीमुळे हा प्रश्न केवळ दातदुखीपुरता राहत नाही. तोंडातील पांढऱ्या चट्ट्याकडे किती लवकर लक्ष गेले आणि त्यावर कोणता उपाय झाला, यावर अनेकदा जीव अवलंबून असतो.

चाचणी कशासाठी?

क्लिनिकल ट्रायल म्हणजे वैद्यकीय चाचणी. तीत रुग्णांची विभागणी डॉक्टरांच्या वा रुग्णांच्या पसंतीने न करता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली जाते. एका गटाला नवा उपचार, तर दुसऱ्याला प्रचलित उपचार मिळतो. दोन्ही गट सारखे असल्याने पुढे दिसणारा फरक उपचाराचाच, असे म्हणता येते. 'अमक्याला गुण आला' एवढ्याने हे सिद्ध होत नाही, कारण तोंडातील छाले अनेकदा आपोआपही बरे होतात. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करणे बंधनकारक आहे.

परळमधील महत्त्वाचा निष्कर्ष

तारापूरचे अणुवीज केंद्र ज्या केंद्रीय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते, त्याच विभागाकडे १९६२ पासून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा कारभार आहे. तोंडाच्या कर्करोगासंबंधीचा जगभर गाजलेला एक वाद या रुग्णालयाने निकाली काढला. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असून मानेत गाठ लागत नसेल, तर तोंडातील शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा तो वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना चाचणीत सामावून घेतले. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे अशा प्रत्येक आठ शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू टळला.

चाचणीतील रुग्णांची नियमित फेरतपासणी होत होती, तरीही थांबलेला गट मागे पडला. मग रोजंदारी बुडवून बोईसर-पालघरहून मुंबई गाठणाऱ्या, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णाला 'थांबून पाहू' हा सल्ला किती महाग पडेल, हे उघड आहे.

नुसते तोंड पाहण्याचे मोल

रोग लवकर सापडावा यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये १३ विभागांत एक मोठी चाचणी सुरू झाली. सात विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ३५ वर्षांवरील लोकांची तोंडे ठरावीक काळाने उजेडात तपासली. सहा विभागांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. २००५ मधील निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा लाभ दिसला नाही. तपासणीचा भर कोणावर हवा, हे यातून स्पष्ट होते.

गोळ्यांच्या मर्यादा

पांढऱ्या चट्ट्यांवर जीवनसत्त्व 'अ', बीटा कॅरोटिन यांसारखी औषधे दिली जातात. अशा १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. काही औषधांनी चट्टे कमी होतात, पण ते पुन्हा उद्भवतात आणि या औषधांनी कर्करोग टळतो असा पुरावा नाही, असे त्यातून दिसून आले. म्हणून चट्टा फिका पडला तरी तपासणी थांबवता येत नाही. सुपारीमुळे तोंड उघडेनासे होते, त्या सबम्युकस फायब्रोसिसवरही खात्रीचे औषध सिद्ध झालेले नाही. सुपारी सोडणे ही पहिली पायरी.

दातांबाबतचा पुरावा

लहान मुलांच्या दातांसाठी सर्वात भक्कम पुरावा साध्या फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा आहे. सुमारे ४२ हजार मुलांवरील ७० चाचण्यांच्या २००३ मधील आढाव्यात दातांची कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी आढळली. याउलट हिरड्यांचा गंभीर विकार नसलेल्या आणि नियमित दंतवैद्याकडे जाणाऱ्या प्रौढांनी दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेतल्याने दोन-तीन वर्षांत विशेष फरक पडत नाही, असे २०१८ च्या आढाव्यात दिसले. मात्र हिरड्यांतून रक्त वा पू येणाऱ्याने यावरून उपचार टाळू नयेत; त्याची गोष्ट वेगळी आहे.

काय करावे?

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील व्यक्तींची दर पाच वर्षांनी मुखतपासणी अपेक्षित आहे. त्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे चौकशी करावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, विनाकारण हलणारा दात किंवा मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी पुढे ढकलू नये. कर्करोगाचे निदान झाल्यास मानेतील ग्रंथींबाबत काय ठरले, हा प्रश्न रुग्णाने आणि नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावा.