एआय एजंट सर्व्हरला हात लावण्याआधी: 'प्रिव्ह्यू' म्हणजे काय?

समजा, पलूसमधला एक तरुण द्राक्ष बागायतदारांच्या हिशेबाचं ॲप चालवतो. ॲप गावातलं, पण डेटाबेस मुंबईतल्या क्लाउडवर. असे सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस हाताने न उभारता कोडमध्ये लिहून ठेवण्याच्या पद्धतीला 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड' म्हणतात. टेराफॉर्म (२०१४) आणि पुलुमी (२०१८) ही त्यासाठीची प्रसिद्ध साधनं.

आता हा कोड अनेकदा एआय एजंट लिहितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'एमसीपी' हे खुलं मानक जाहीर केलं. त्यामुळे एजंटला बाहेरची साधनं एकाच ठरावीक पद्धतीने वापरता येऊ लागली. पुलुमीमध्ये 'प्रिव्ह्यू' आणि 'अप' या वेगवेगळ्या आज्ञा आहेत. प्रिव्ह्यू फक्त यादी दाखवते: काय नवं तयार होईल, काय बदलेल, काय काढून टाकलं जाईल. 'अप' ते प्रत्यक्षात आणते.

या यादीत 'रिप्लेस' हा शब्द आधी शोधावा. डेटाबेसच्या काही मूळ सेटिंग बदलल्या, की जुना डेटाबेस जातो आणि त्याजागी नवा, रिकामा उभा राहतो. बॅकअप नसेल तर अख्ख्या हंगामाचा हिशेब गेला!

मात्र प्रिव्ह्यू हा अंदाज असतो. मधल्या काळात कोणी क्लाउडवर हाताने बदल केला असेल, तर तो त्यात दिसेलच असं नाही. म्हणून आधी 'रिफ्रेश' करावं, महत्त्वाच्या डेटाबेसला 'प्रोटेक्ट' लावावं आणि 'अप'ची परवानगी यादी वाचणाऱ्या माणसाकडेच ठेवावी.