चप्पल सगळ्यांना दिसते, चामडं कुणाला दिसत नाही

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या सँडल्स आल्या आणि आपले सगळ्यांचे फोन तापले. अरे, ही तर आपली कोल्हापुरी! पण आज चपलेच्या आधीची गोष्ट. चामडं ठेवायचं कसं?

कच्चं कातडं लगेच कुजतं, म्हणून आधी मीठ. मग ते पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगायचं. असं कमावलेलं चामडं टिकतं, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर ओल आतच राहते, घडी घातली तर वळ पडतो. म्हणून गुंडाळी करून, जमिनीपासून वर, वारा लागेल असं ठेवायचं. आणि कारागिराचं गोदाम म्हणजे बहुतेक वेळा त्याचं घरच.

गावानं या कामाला विटाळ म्हटलं, कारागिरांना वेशीबाहेर ठेवलं. चपला मात्र घातल्या. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, ते कातडं मिळेनासं झालं. २०१९ मध्ये जीआय मिळाला, तो चपलेला.

पुढच्या वेळी भाव पाडून मागताना, कुणाच्या तरी घरात पावसाळाभर जपलेलं ते चामडं आठवा.